खाडीतल्या तिसऱ्या-कालवं खायला सुरक्षित आहेत, हे पाणी तपासून कसं ठरवायचं?

प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या महिला बचतगटाला तिसऱ्या, कालवं आणि दोरीवर वाढवलेले शिणाणे (हे सगळे शिंपल्यांचेच प्रकार) हॉटेलांना नियमित द्यायचे आहेत. त्यांनी एकदा खाडीचं पाणी तपासून घेतलं, अहवाल चांगला आला. एवढ्यावर माल द्यायला हरकत नाही ना? आणि असेल तर नेमकं काय, कुठे, किती वेळा तपासायचं?

हरकत आहे. एका दिवशी भरलेली बाटली त्या घटकेचं पाणी सांगते. शिंपला मात्र दिवसरात्र पाणी गाळत असतो. मोठा शिणाणा किंवा कालव तासाला काही लिटर पाणी कल्ल्यांतून काढतो आणि त्यातलं बारीकसारीक सगळं पोटात घेतो. त्यामुळे मांसातले जिवाणू भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी पट जास्त असू शकतात. शिवाय मासा आपण पोट साफ करून खातो. तिसरी आणि कालव आतड्यासकट खातो. म्हणून शिंपल्यांच्या पाण्याला पोहण्याच्या पाण्यापेक्षा कडक नियम लागतात.

तपासणीचं सगळं काम एका प्रश्नाभोवती फिरतं: आपल्या खाडीचं पाणी वाईट कधी होतं, आणि त्या काळात आपण माल काढत नाही ना. हे कळेल अशा रीतीने नमुने घेतले तरच खर्च कारणी लागतो. चांगला अहवाल मिळवायचा म्हणून नमुने घेणं हा पैशाचा अपव्यय तर आहेच, पण खाणाऱ्याशी दगाही आहे.

आधी काठ पायी पाहा

बाटली हातात घेण्याआधी दोन्ही काठ पूर्ण सुकतीच्या, म्हणजे पाणी सर्वांत खाली गेलेल्या वेळी चालून काढा. भरतीत बुडालेले नाले आणि पाइप तेव्हाच उघडे पडतात. गावच्या नकाशावर किंवा फोनवरच्या नकाशावर प्रत्येक गोष्टीची जागा टिपा: गटारांची तोंडं, वस्तीतले शोषखड्डे, जेटी, नांगरलेल्या होड्या, गुरं पाण्यावर उतरतात ती ठिकाणं, कोळंबीचे तलाव, मासळी धुण्याच्या जागा, किनाऱ्यावरची हॉटेलं आणि निवासं. प्रत्येकासमोर दोन गोष्टी लिहा: हे वर्षभर वाहतं की पावसातच, आणि इथून शिंपल्यांच्या जागेपर्यंत किती अंतर आहे.

कोकणात सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे शोषखड्डा. जांभा सच्छिद्र आणि भेगाळ असतो, किनाऱ्याची पुळण (वाळू) तर पाणी अडवतच नाही. उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत दिसणारा खड्डा जुलैत भूजल वर आलं की थेट खाडीला जोडला जातो. काठावर कुठेही नळी दिसत नाही, गटार दिसत नाही, तरी आकडे वाढतात, ते बहुतेक यामुळेच. पुळणीवरच्या निवासांचा भार नाताळ ते नववर्ष आणि मे महिन्यात कितीतरी पटीने वाढतो, तेव्हा टाकी पावसाशिवायही भरून वाहते. अशा ठिकाणी संशय असेल तर संडासात फ्लुरोसीन किंवा रोडामाइन रंग ओतून दोन-तीन दिवस काठावर लक्ष ठेवता येतं. त्यासाठी घरमालकाची संमती आणि ग्रामपंचायतीला आधी कळवणं, दोन्ही आवश्यक. पाणी अचानक हिरवं किंवा गुलाबी दिसलं की लोक घाबरतात.

होड्यांचंही तसंच. रात्री नांगरलेल्या होडीवरचे खलाशी पाण्यातच शौचाला बसतात. होडी लहान, माणसं चार, त्याने काय होणार, असं वाटतं. पण नोरोव्हायरस या उलट्या-जुलाबाच्या विषाणूने आजारी असलेल्या एका माणसाच्या विष्ठेतून अफाट संख्येने विषाणू बाहेर पडतात आणि माणसाला आजारी पाडायला त्यातले अगदी थोडे पुरतात. शिणाण्यांच्या दोऱ्यांजवळ होड्या नांगरायच्या नाहीत, हा नियम गावाने स्वतःच घालून घ्यावा. त्याला एक पैसा खर्च नाही आणि कुठल्याही तपासणीपेक्षा त्याचा उपयोग जास्त आहे.

घाण कुठून कुठे जाते हे ओहोटीबरोबर तरंगतं काही सोडून बघता येतं. नुसता थर्माकोल वाऱ्याने वाहतो, प्रवाहाने नाही. बांबूच्या दोन काठ्या अधिकच्या चिन्हासारख्या बांधून त्यांवर गोणपाट ताणायचं, खाली दगड बांधायचा आणि वर छोटी बाटली बोयासारखी ठेवायची. गोणपाट पाण्याखाली अर्धा मीटर राहिलं की ते खरा प्रवाह दाखवतं. उधाणाच्या (मोठ्या) आणि भांगाच्या (लहान) अशा दोन्ही ओहोट्यांना हे करून पाहा. दोन्हींचे मार्ग पुष्कळदा वेगळे निघतात.

नमुन्याची जागा आणि वेळ

जागा म्हणजे शिंपल्यांच्या पट्ट्याचा मध्य नव्हे. घाणीच्या बाजूला असलेली कड धरा. ती कड चांगली निघाली तर आतलं आपोआप चांगलं. बहुतेक खाड्यांना सुरुवातीला तीन ठिकाणं पुरतात: वरच्या अंगाची कड, वस्तीच्या बाजूची कड आणि समुद्राकडची एक. ठिकाण एकदा ठरलं की जीपीएसवर टिपून ठेवा आणि हलवू नका, नाहीतर पुढच्या वर्षीच्या आकड्यांशी तुलना करता येत नाही.

वेळेच्या बाबतीत बहुतेकांचं चुकतं. दुपारी बाराला, भरतीच्या स्वच्छ पाण्यात, उन्हात घेतलेला नमुना बहुतेक वेळा चांगलाच येणार. समुद्राचं पाणी आत आलेलं असतं आणि स्वच्छ पाण्यात कडक ऊन असेल तर विष्ठेतून आलेले ई. कोलाय जिवाणू काही तासांतच मोठ्या प्रमाणात मरतात. रात्री किंवा गढूळ पाण्यात तेच जिवाणू दिवसचे दिवस टिकतात. म्हणून निदान निम्मे नमुने पहाटे-सकाळी, ओहोटीच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात घ्या. तेव्हा खाडीच्या वरच्या अंगाचं पाणी तुमच्या शिंपल्यांवरून जात असतं.

यात एक बारीक गोम आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास आपल्या किनाऱ्यावर भरती दुपारच्या सुमारास येते आणि सुकती सकाळ-संध्याकाळ. उधाण आणि भांग यांचं चक्र जेमतेम पंधरा दिवसांचं आहे. 'दर दुसऱ्या मंगळवारी सकाळी नऊला' असं ठरवलंत तर महिनोन्‌महिने तुम्ही भरतीच्या जवळजवळ एकाच टप्प्यावर बाटली भरत राहाल आणि खाडीचं अर्धं रूप तेवढा काळ दिसणारच नाही. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला भरतीचं कोष्टक समोर ठेवून तारखा चिठ्ठ्या टाकून काढा, लिहून ठेवा, आणि ठरलेल्या दिवशी पाऊस आहे म्हणून नमुना टाळू नका. सुरक्षिततेसाठी बोट नेता आली नाही तर तसं वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी घ्या.

बाटली भरताना

प्रयोगशाळेतून निर्जंतुक केलेली २५० मिलिलिटरची बाटली आणा. पाण्यात उतरून भरत असाल तर प्रवाहाकडे तोंड करून उभे राहा आणि पायाने उठलेला गाळ खाली वाहून जाऊ द्या. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण गाळात ई. कोलाय पाण्यापेक्षा जास्त काळ जगतात. ढवळलेल्या पाण्याचा एक नमुना महिन्याचा आकडा बिघडवतो. झाकण पाण्याजवळ नेल्यावरच उघडा, त्याची आतली बाजू कशालाही लावू नका. बाटली पालथी धरून २० ते ३० सेंटिमीटर खाली न्या आणि तिथे येणाऱ्या प्रवाहाकडे तोंड वळवून भरा, म्हणजे पृष्ठभागावरचा तवंग आत येत नाही. वर दोन-तीन सेंटिमीटर हवा ठेवा, नाहीतर प्रयोगशाळेत हलवून मिसळता येत नाही.

त्याच वेळी चार गोष्टी वहीत उतरवा: पाण्याचं तापमान, क्षारता, भरतीचा टप्पा, गेल्या ७२ तासांतला पाऊस. क्षारतेसाठी हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर पुरतो. दर वेळी आधी ऊर्ध्वपातित पाण्याचा थेंब टाकून शून्य जुळवून घ्या. समुद्राची क्षारता ३५ च्या (म्हणजे हजार भाग पाण्यात ३५ भाग क्षार) आसपास असते. तुमच्या ठिकाणी नेहमी २८ येते आणि आज १५ आली, तर वरून गोडं पाणी आलंय आणि त्याच्याबरोबर वस्तीतलं सगळं आलंय असं धरा. वर्षभर क्षारता आणि जिवाणूंचे आकडे शेजारीशेजारी लिहिलेत तर बहुतेक खाड्यांत दोन्हींचं उलटं नातं दिसतं, आणि मग रोज सकाळी एका थेंबात अंदाज बांधता येतो. तो अहवालाच्या जागी चालणार नाही, पण आज माल काढू नये हे सांगायला पुरेसा आहे.

बाटल्या बर्फाच्या पेटीत, १० अंशांच्या खाली. बर्फ पिशवीत बंद असावा, कारण वितळलेल्या पाण्यात बुडालेल्या बाटलीच्या झाकणातून पाणी आत शिरतं. एक जादा बाटली साध्या पाण्याची ठेवा आणि प्रयोगशाळेत पोचल्यावर तिचं तापमान मोजायला सांगा. तपासणी २४ तासांच्या आत सुरू झाली पाहिजे, म्हणून शनिवारी नमुना घेऊ नका.

पाण्याबरोबर मांसही

नुसत्या पाण्यावर भागत नाही. अमेरिकेत वर्गवारी पाण्यावरून करतात, युरोपात मांसावरून. आपल्या खाड्यांसाठी दोन्ही करावं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण आपल्याकडे पाणी एका भरतीत बदलतं आणि मांस मागचे काही दिवस लक्षात ठेवतं. पाणी चांगलं आणि मांस वाईट आलं, तर मधल्या काळात काहीतरी येऊन गेलंय असं समजा.

मांस आणि शिंपल्याच्या आतलं पाणी मिळून किमान १०० ग्रॅम भरलं पाहिजे. शिणाणे १५ ते ३०, कालवं १२ ते १८, तिसऱ्या लहान असतील तर पन्नासपर्यंत लागतात. काढल्या ठिकाणीच वरचा चिखल स्वच्छ पाण्याने धुवा, पण पाण्यात बुडवून ठेवू नका. शिंपले तोंड उघडतात आणि नमुना तिथेच बदलतो. फुटके आणि उघडून न मिटणारे बाजूला काढा. पिशवी बर्फाला टेकू न देता थंड ठेवा. ठरलेल्या ठिकाणी नैसर्गिक शिंपले नसतील तर जाळीच्या पिशवीत घालून टांगा, पण किमान दोन आठवडे तिथे राहिल्यावरच नमुना घ्या.

प्रयोगशाळेला काय विचारायचं

'कोलिफॉर्म (जिवाणूंचा एक गट) तपासा' एवढंच सांगू नका. पिण्याच्या पाण्याच्या सवयीने एकूण कोलिफॉर्म मोजून देतील, त्याचा इथे उपयोग नाही. पाण्यासाठी मलजन्य (विष्ठेतून आलेले) कोलिफॉर्म किंवा ई. कोलाय, एमपीएन (सर्वांत संभाव्य संख्या) पद्धतीने, ५ नळ्यांच्या तीन मालिकांत: १० मिलि, १ मिलि आणि ०.१ मिलि. दुसरी पायरी ४४.५ अंशांच्या पाण्याच्या बाथमध्ये झाली का, हे आवर्जून विचारा. ३७ अंशांच्या हवेच्या कपाटात ठेवलेल्या नळ्यांवरून मलजन्य असा निष्कर्ष काढता येत नाही. मांसासाठी आयएसओ १६६४९-३ ही पद्धत मागा. त्यात शेवटी ४४ अंशांवर टीबीएक्स आगर या जिवाणू वाढवायच्या माध्यमावर निळ्या-हिरव्या वसाहती पाहतात. कोलिलर्टसारखी चमकणारी तयार पद्धत वापरत असतील तर समुद्राचं पाणी गोड्या निर्जंतुक पाण्याने दसपट पातळ करावं लागतं. तसं केलं नाही तर समुद्रातले व्हिब्रिओ जिवाणू खोटी चमक देतात. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाची) मान्यता असेल तर तिच्या यादीत समुद्राचं पाणी आणि शिंपल्यांचं मांस आहे का, ते वाचा. नुसता लोगो पुरत नाही.

एमपीएन हा मोजलेला आकडा नसून अंदाज असतो. १० मिलिच्या पाचपैकी चार नळ्यांत जिवाणू वाढले आणि बाकी सगळ्या कोऱ्या, तर उत्तर १०० मिलित १३. पाचही नळ्यांत वाढले तर २३. पाच आणि पुढच्या मालिकेत एक, तर ३३. खरी संख्या यापेक्षा एक तृतीयांश किंवा तिप्पट असू शकते. म्हणून १३ आणि २३ मधल्या फरकावर आनंद किंवा दुःख करण्यात अर्थ नाही. मालिका बघायची.

आकडे कसे वाचायचे

आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या किनारी पाण्याच्या वर्गवारीत शिंपले आणि मत्स्यशेतीसाठी एसडब्ल्यू-१ हा वर्ग आहे. त्यात पीएच ६.५ ते ८.५, विरघळलेला प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा ६० टक्के संपृक्तता यांपैकी जे जास्त असेल ते, तेल-ग्रीस ०.१ मिलिग्रॅम, आणि पारा, शिसं, कॅडमियम प्रत्येकी ०.०१ मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. मलजन्य कोलिफॉर्मची १०० मिलित १०० ही मर्यादा पोहण्याच्या एसडब्ल्यू-२ वर्गात आहे. शिंपल्यांच्या वर्गाच्या तक्त्यात जिवाणूंचा आकडाच नाही. त्यामुळे 'एसडब्ल्यू-१ प्रमाणे पाणी योग्य' असा अहवाल हातात असला तरी खाण्याच्या दृष्टीने मुख्य प्रश्न तसाच उरतो.

जिवाणूंसाठी बाहेरचे दोन मापदंड जवळ ठेवा. अमेरिकी नियमात, थेट खाण्यासाठी मान्य क्षेत्राच्या पाण्यात मलजन्य कोलिफॉर्मचा भौमितिक मध्य (आकड्यांच्या लॉगरिथमची सरासरी काढून मिळणारा) १०० मिलित १४ च्या वर नको आणि पाच नळ्यांच्या पद्धतीत १० टक्क्यांहून जास्त नमुने ४३ च्या पुढे नकोत. हे प्रत्येक ठिकाणच्या अलीकडच्या ३० नमुन्यांवरून ठरवतात. पंधरवड्याला एक धरला तर ३० नमुन्यांना सव्वा वर्ष लागतं, तेवढा धीर धरावाच लागेल. युरोपात मांसावर बघतात: १०० ग्रॅममध्ये ई. कोलाय २३० पर्यंत असेल तर 'अ' वर्ग, म्हणजे थेट विक्री. त्यातही पाचातला एखादा नमुना वर गेला तरी ७०० ओलांडता कामा नये. ४,६०० पर्यंत 'ब', म्हणजे शुद्धीकरण करूनच विक्री. ४६,००० पर्यंत 'क', म्हणजे स्वच्छ पाण्यात दीर्घकाळ ठेवणं किंवा कारखान्यात मान्य पद्धतीने शिजवणं.

सरासरी साधी काढू नका. समजा पाच नमुने ४.५, ७.८, १३, २३ आणि ४९० आले. साधी सरासरी १०८ येते आणि वाटतं खाडी सतत खराब आहे. भौमितिक मध्य २२ येतो, मधला आकडा १३. खरी गोष्ट अशी की खाडी एरवी ठीक आहे आणि एका दिवशी फार वाईट झाली. तो दिवस शोधा. पाऊस होता का, सुट्टी होती का, वरचा बंधारा उघडला होता का? तो ४९० चूक म्हणून खोडून टाकायचा मोह होतो, पण तुमच्या सबंध वहीतला सर्वांत मोलाचा आकडा तोच असतो. '१.८ पेक्षा कमी' असा निकाल आला तर हिशोबात १.७ धरा, शून्य नव्हे, कारण शून्याचा लॉगरिथम निघत नाही.

पाऊस

पावसाळ्याबद्दल माझं मत कडक आहे. जून ते सप्टेंबर खाडीतला माल कच्चा किंवा अर्धाकच्चा खाण्यासाठी विकूच नये. दिवसाला ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस, म्हणजे हवामान खात्याच्या भाषेत 'जोरदार', कोकणात पावसाळाभर येत-जात असतो. दोन सरींमध्ये खाडीला सावरायला वेळच मिळत नाही, गढूळपणामुळे ऊन आत जात नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, बाजारात मासळी कमी असते आणि नेमक्या त्याच वेळी हाताने काढलेल्या तिसऱ्यांना भाव येतो. घरखर्चाची अडचण खरी आहे, ती मला दिसते. त्या काळात काढायच्याच असतील तर समुद्राकडच्या, क्षारता टिकलेल्या पट्ट्यातल्याच काढा आणि पूर्ण शिजवून खाण्यासाठीच द्या.

ऑक्टोबर ते मे मधल्या अवकाळी पावसासाठी मात्र नियम बनवता येतो, आणि तो दुसऱ्या खाडीचा उसना घेऊ नये. पाऊस पडला की त्याच दिवशी, मग २४, ४८, ७२ तासांनी पाणी आणि मांस दोन्ही तपासा. अशा तीन-चार पावसांचे आकडे जमले की 'इतक्या मिलिमीटरला इतके दिवस बंद' हे ठरतं. पाणी दोन-तीन दिवसांत निवळतं. मांसाला जास्त दिवस लागतात. बंदी उठवताना मांसाचा आकडा पाहा. मोसमातला पहिला पाऊस थोडा असला तरी मोठा धरा, कारण महिनोन्‌महिने साचलेलं तो एकदम धुऊन आणतो.

कोलिफॉर्म जे सांगत नाही ते

पहिलं, व्हिब्रिओ. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा समुद्राचाच रहिवासी आहे, सांडपाण्याशी त्याचा संबंध नाही. आपलं पाणी वर्षातला बराच काळ २७ ते ३० अंशांचं असतं, ते त्याला मानवतं. पाण्याचा अहवाल उत्तम असूनही काढलेला ढीग दुपारभर उन्हात राहिला तर काही तासांत त्याची संख्या धोक्याची होते. इथे तपासणीपेक्षा शिस्त महत्त्वाची: पहाटे काढा, सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवा, लवकर थंड करा, पण बर्फात थेट गाडू नका, उष्ण पाण्यातले शिंपले त्याने मरतात.

दुसरं, विषारी शेवाळं. १९९७ मध्ये केरळात विळिंजम इथे शिणाण्यांतून लकवा आणणारं विष जाऊन सात माणसं दगावली आणि पाचशेहून जास्त रुग्णालयात गेली. १९८३ मध्ये मंगळूरजवळच्या कुंबळे खाडीत तिसऱ्यांमधून तसंच झालं. आपलाच पश्चिम किनारा आहे, त्यामुळे हे दूरचं समजू नये. यातलं सॅक्सिटॉक्सिन हे विष उकळून जात नाही, कोकमाने किंवा लिंबाने जात नाही, आणि टाकीत शुद्ध केल्यानेही खात्रीने जात नाही. पाण्याच्या रंगावरून ओळखायचा प्रयत्न करू नका. रात्री लाटा निळ्या चमकतात तो नॉक्टिल्युका हे विष करत नाही (त्याने प्राणवायू घटून मासळी मरते ती गोष्ट वेगळी), आणि अलेक्झांड्रियमसारखं विषारी शेवाळ पाणी स्वच्छ दिसत असतानाही असू शकतं.

हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहावरून शेवाळाच्या बहराची माहिती देते. ती इशारा म्हणून पाहा, पण उपग्रहाला अरुंद खाडीतलं नीट दिसत नाही. दर पंधरवड्याला एक लिटर पाणी भरून त्यात फिका तपकिरी रंग येईल इतकं ल्युगॉल आयोडीन घाला आणि मत्स्य महाविद्यालयासारख्या ठिकाणी सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या. रत्नागिरीला शिरगावचं महाविद्यालय आहेच. अलेक्झांड्रियम किंवा तसंच लकवा आणणारं जिम्नोडिनियम कॅटेनॅटम दिसलं, अगदी थोडं, तरी काढणी थांबवून मांस तपासायला पाठवा. डायनोफायसिस या जुलाब करणाऱ्या विषाच्या शेवाळासाठी अनेक देश लिटरमागे १०० ते २०० पेशींना सावध होतात. मांसातल्या कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या) मर्यादा किलोमागे अशा: सॅक्सिटॉक्सिन ०.८ मिलिग्रॅम, ओकाडाइक आम्ल (जुलाब करणारं विष) ०.१६ मिलिग्रॅम, डोमोइक आम्ल (स्मृतीवर परिणाम करणारं विष) २० मिलिग्रॅम. बंद केलेली जागा उघडायची तर निदान ४८ तासांच्या अंतराने सलग दोन नमुने मर्यादेखाली आले पाहिजेत.

तिसरं, धातू आणि रसायनं. दाभोळ खाडी लोटे-परशुराम वसाहतीच्या आणि बाणकोटची खाडी महाड वसाहतीच्या खालच्या अंगाला आहे. अशा ठिकाणी वर्षातून दोनदा मांसातलं शिसं, कॅडमियम आणि पारा तपासा. युरोपची मर्यादा किलोमागे अनुक्रमे १.५, १.० आणि ०.५ मिलिग्रॅम आहे. इतर लहान खाड्यांत वर्षाला एकदा पुरे. आंब्याच्या फवारणीच्या मोसमात अवकाळी पाऊस झाला तर कीटकनाशकांची एक तपासणी करावी. पैसे मोजके असतील तर मात्र आधी जिवाणू आणि शेवाळ.

शुद्धीकरणाची टाकी

'ब' वर्गाच्या मालासाठी टाकी उपयोगी आहे, पण तिच्याकडून भलत्या अपेक्षा नकोत. अतिनील दिव्याने निर्जंतुक केलेल्या खाऱ्या पाण्यात शिंपले ४२ तास ठेवतात. पाण्याची क्षारता काढणीच्या जागेच्या २० टक्क्यांच्या आत, प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर. शिंपले जाळीच्या ट्रेमध्ये पातळ थरात आणि तळापासून वर, म्हणजे विष्ठा खाली बसते. हवेचे बुडबुडे थेट खालून सोडू नका, बसलेलं उठून पुन्हा पोटात जातं. मधेच नवा माल टाकला की ४२ तास पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. आधी पाणी काढून टाकायचं, मग ट्रे उचलायचे. क्लोरीनचं पाणी वापरलं तर शिंपले तोंडच उघडत नाहीत आणि दोन दिवस फुकट जातात.

यातून ई. कोलाय झपाट्याने कमी होतात. नोरोव्हायरस आणि कावीळ-अ चा विषाणू मात्र आतड्याला चिकटून राहतात, आठवडेच्या आठवडे. म्हणून टाकीतून काढलेल्या मालाचा कोलायचा आकडा शून्याजवळ आला तरी सांडपाण्याच्या तोंडाशी काढलेला माल सुरक्षित होत नाही. घरी मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवतात ते वाळू निघावी म्हणून. त्याचा शुद्धीकरणाशी संबंध नाही. शिजवताना तोंड उघडलं की झालं असंही नाही. विषाणूंसाठी मांसाच्या आत ९० अंश तापमान ९० सेकंद टिकावं लागतं, म्हणजे उघडल्यानंतरही काही मिनिटं चांगली उकळी हवी. हे हॉटेलच्या स्वयंपाक्याला स्पष्ट सांगा.

नोंद आणि तक्रार

प्रत्येक पोत्याला चिठ्ठी: काढल्याची तारीख, वेळ, ठिकाणाचा क्रमांक, कोणी काढलं, कुणाला दिलं. तिची प्रत गटाच्या वहीत किमान तीन महिने ठेवा. कावीळ-अ ची लक्षणं दिसायला महिना सहज जातो आणि तेव्हा नोंद नसेल तर काहीच शोधता येत नाही. वेगवेगळ्या ठिकाणचा माल एका पोत्यात मिसळायचा नाही, कितीही थोडा असला तरी.

खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून काही तासांत ओठ, जीभ, बोटं बधिर झाली, चालताना तोल जाऊ लागला, तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालयात न्या आणि 'शिंपले खाल्लेत' हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. या विषाला उतारा नाही. श्वास बंद पडण्याआधी कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय असलेल्या ठिकाणी पोचणं एवढाच उपाय आहे, आणि वेळेवर पोचलेला माणूस साधारण एक-दोन दिवसांत सावरतो. उरलेले शिंपले फेकू नका, पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. त्या ठिकाणची काढणी त्याच घटकेला थांबवा, त्या दिवशीचा माल ज्यांना ज्यांना दिला त्या सगळ्यांना चिठ्ठी बघून फोन करा, आणि तालुका आरोग्य अधिकारी व अन्न-औषध प्रशासनाला कळवा. जुलाब-उलट्यांची तक्रार आली तरी क्रम हाच. फक्त तेव्हा मांसाच्या नमुन्याबरोबर त्या आठवड्याचा पाऊस, भरती आणि काठावरची वर्दळ याही नोंदी काढून ठेवा.